एवढाले दगड गेले कुठं?

गावातून हत्ती हरवला तर केवढी बोंबाबोंब होईल! कुणी सोंड पाहिली का, कुणी शेपूट पाहिली का, असं विचारत सगळे गावभर फिरतील. आता समजा, हत्ती नाही, हत्तीहून जड दगड हरवला. आणि एक नाही, चांगले सत्तरएक! जागचे न हलणारे, ढकलायला शंभर माणसं लागावीत असे दगड, आणि तेही भर गावातून गायब!

ही गोष्ट थापेबाजीची नाही बरं का. हे खरंच घडलंय इंग्लंडमधल्या एव्हबरी नावाच्या एका चिमुकल्या गावात. आज आपण गुप्तहेर व्हायचं आणि तिथं तपासाला जायचं. वही-पेन्सिल घ्या, भिंग घ्या. गमबूटही घाला, कारण तिथं गवतात मेंढ्या चरतात आणि मेंढ्या चरतात तिथं लेंड्याही असतात!

गाव कुठाय? वर्तुळाच्या पोटात

लंडनपासून पश्चिमेला साधारण 130 किलोमीटरवर विल्टशर नावाची काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग आहे. तिथल्या हिरव्यागार टेकाडांमध्ये एव्हबरी वसलंय. वस्ती पाचशेच्या आसपास. तुमच्या शाळेत कदाचित याहून जास्त मुलं असतील.

गावात शिरलं की गवताने शाकारलेली घरं दिसतात. एक जुनं चर्च आहे, 'रेड लायन' नावाची खानावळ आहे, पोस्ट आहे. यात नवल काय, म्हणाल तर जरा थांबा. या घरांच्या मागं, अंगणांपलीकडं, रस्त्याच्या कडेला बघा. माणसाहून कितीतरी उंच, करडे, ओबडधोबड दगड उभे आहेत. कुणी रुंद आणि बसकट, तर कुणी उंच आणि निमुळता. त्यांच्या ओळीने चालत राहिलात तर अर्ध्या गावाला वळसा घालून पुन्हा पहिल्या दगडापाशी याल. म्हणजे हे झालं वर्तुळ! ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे 330 मीटर रुंद आहे. एवढं मोठं प्राचीन दगडी वर्तुळ जगात दुसरं नाही. त्याच्या आत आणखी दोन लहान वर्तुळं होती. आणि या सगळ्याच्या पोटात निम्मं गाव, खानावळ आणि मोटारींचा रस्ता!

पण मोजायला लागा. बाहेरच्या वर्तुळात मुळात शंभराच्या आसपास दगड होते. आज उभे आहेत जेमतेम तीस.

म्हणून तर आपण आलोय. बाकीचे सत्तर गेले कुठं?

खडूचा डोंगर आणि करड्या मेंढ्या

चांगला गुप्तहेर आधी जागेची पाहणी करतो. तेव्हा पायाखालची जमीन थोडी उकरा. वर काळपट माती, आणि खाली? पांढराशुभ्र दगड! बोट फिरवलं की बोट पांढरं होतं. हा आहे खडू. शाळेतला हल्लीचा खडू बहुतेक जिप्समचा असतो. हा मात्र अस्सल, निसर्गाने केलेला.

काही कोटी वर्षांपूर्वी इथं उबदार समुद्र होता. त्यात डोळ्यांना न दिसणारे इवलेसे जीव तरंगत. त्यांच्या अंगावर चुन्याच्या चिमुकल्या चकत्या असत. जीव मेला की चकत्या तळाशी जात. लाखो वर्षं हा पांढरा गाळ साचत गेला, दबत गेला आणि त्याचा खडू झाला. पृथ्वीच्या इतिहासातल्या त्या काळाचं 'क्रिटेशियस' हे नावच मुळी खडूच्या लॅटिन नावावरून पडलं. हा काळ संपत आला तेव्हा आपल्याकडं लाव्हा उसळत होता, आणि त्यातूनच सह्याद्रीचा काळा कातळ तयार झाला. म्हणजे तिकडं पांढरा थर पूर्ण होत आला, तेव्हा इकडं काळा थर बसत होता!

खडू स्पंजासारखा पाणी पितो. पाऊस पडला की पाणी झिरपून खोल जातं आणि थंडीत खडू पाण्याने गच्च भरला की मग कुठं झरे फुटतात. म्हणून एव्हबरीजवळचा ओढा हिवाळ्यात वाहतो आणि उन्हाळ्यात पुष्कळदा कोरडा पडतो. आपल्याकडचे ओढे पावसाळ्यात वाहतात, तिथला हिवाळ्यात. त्याला नावच 'विंटरबोर्न' आहे, म्हणजे हिवाळी ओढा.

आता मुद्द्याची गोष्ट. वर्तुळातले दगड खडूचे नाहीत. खडू इतका मऊ, की तो उघड्यावर पावसापाण्यात टिकलाच नसता. हे दगड आहेत 'सार्सन'. खडूच्या थरावर पुढच्या काळात वाळू साचली. जमिनीतल्या पाण्यातून आलेल्या सिलिकाने वाळूचे कण सिमेंटसारखे घट्ट जोडले आणि त्याचे पोलादासारखे टणक थर बनले. आजूबाजूची मऊ वाळू वाहून गेली आणि टणक तुकडे टेकड्यांवर विखरून राहिले. ते खाणीतून काढावे लागत नव्हते, आयते पडलेले होते! जवळच्या माळावर असे दगड आजही दिसतात. लांबून बघाल तर वाटेल, करड्या मेंढ्यांचा कळपच बसलाय. तिथले लोक त्यांना 'करडे मेंढे' म्हणतातही.

म्हणजे माल कुठून आला ते कळलं. आता तो इथं आणला कुणी?

उलटा खंदक

दगडांच्या बाहेरून एक प्रचंड गोल खंदक खणलेला आहे, आणि खंदकाच्याही बाहेर मातीचा उंच बांध आहे. आता तुम्ही किल्ले पाहिलेली मुलं! सांगा बरं, किल्ल्याचा खंदक कुठं असतो? तटाच्या बाहेर. शत्रूने आधी खंदकात पडावं आणि मग तटावर डोकं आपटावं, असा बेत असतो. इथं उलटंच आहे. खंदक आत, बांध बाहेर. शत्रू आरामात बांधावर चढून बसेल आणि वरून दगड मारेल! म्हणजे हा किल्ला नव्हे. बांधावर बसून आत चाललेला सोहळा पाहायचा असेल, तर मात्र ही रचना अगदी झकास.

हे सगळं उभं राहिलं साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वी. तेव्हा इजिप्तमध्ये पिरॅमिड बांधले जात होते आणि सिंधू नदीच्या खोऱ्यात मोहेंजोदडो गजबजलेलं होतं. एव्हबरीच्या लोकांकडं मात्र लोखंडाची कुदळ नव्हती, फावडं नव्हतं, चाकाची गाडीही नव्हती. मग खंदक खणला कशाने? हरणांच्या शिंगांनी! तिथल्या तांबड्या हरणांची फांद्यांसारखी शिंगं दरवर्षी गळून पडतात आणि नवी येतात. तीच गोळा करायची, टोक खडूत ठोकायचं, उचकटायचं आणि ढेकळं टोपलीत भरून वर न्यायची. 1908 ते 1922 या काळात तिथं उत्खनन झालं, तेव्हा खंदकाच्या तळाशी ही शिंगांची हत्यारं तशीच पडलेली सापडली. काम संपलं आणि हत्यारं तिथंच टाकून मंडळी घरी गेली होती!

खंदक तेव्हा आजच्याहून कितीतरी खोल होता, जवळपास तीन मजली घराएवढा. साडेचार हजार वर्षांत गाळाने तो निम्म्याहून जास्त भरला. आज त्यावर हिरवळ आहे. पण नुकता खणला तेव्हा खंदक आणि बांध दोन्ही चुन्याने रंगवल्यासारखे पांढरेफेक दिसत असतील.

आणि दगड? सर्वांत मोठ्यांचं वजन चाळीस टनांहून जास्त, म्हणजे आठ हत्ती. दोरखंड, लाकडाच्या घसरगाड्या आणि भरपूर माणसं, एवढ्याच जोरावर ते ओढून आणले असणार. 'जोर लगाके हैय्या'ला त्यांच्या भाषेत काय म्हणत असतील?

पहिला सुगावा: न्हाव्याची कात्री

पुढं तीनेक हजार वर्षं गेली. इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म आला. वर्तुळाच्या पश्चिमेला गाव वसलं, चर्च बांधलं गेलं. त्यानंतर साधारण सातशे वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी दगड पाडायला सुरुवात केली. हे जुन्या, परक्या देवांचे दगड आहेत, ते डोळ्यांसमोर नकोत, असं त्यांना वाटलं असावं. पद्धत अशी: दगडाशेजारी खड्डा खणायचा, दगड त्यात लोटायचा आणि वर माती ओढायची.

1938 साली अलेक्झांडर किलर नावाच्या संशोधकाने असा एक पुरलेला दगड उकरला. बघतो तर काय, दगडाखाली माणसाचा सांगाडा! त्याच्याजवळ तीन चांदीची नाणी होती, लोखंडाची कात्री होती आणि सुईसारखं एक टोकदार हत्यार होतं. नाण्यांवरून काळ निघाला 1320च्या आसपासचा. त्या काळी युरोपात केस कापणारा न्हावीच गळू फोडायचा, दात उपटायचा, छोट्या शस्त्रक्रिया करायचा. तेव्हा हा फिरता न्हावी-वैद्य असणार, दगड पाडायला मदत करत होता, दगड अचानक कलला आणि बिचारा खाली सापडला, अशी गोष्ट जुळली. ती इतकी छान होती की सगळ्यांनी मान्य करून टाकली.

सांगाडा लंडनच्या एका संग्रहालयात गेला. दुसऱ्या महायुद्धात तिथं बॉम्ब पडले आणि तो नष्ट झाला असं सगळे धरून चालले. पण 1990च्या दशकाच्या शेवटी तो चक्क दुसऱ्या संग्रहालयात सापडला! मग हाडं पुन्हा तपासली, तर दगडाखाली चिरडून मेल्याच्या पक्क्या खुणा काही मिळेनात. म्हणजे तो आधीच मेलेला असावा आणि त्याला त्या खड्ड्यात पुरलं असावं. गोष्ट कितीही छान असली तरी हाडांची साक्ष वेगळी निघाली, की शास्त्रज्ञांना ती बदलावी लागते.

आपल्या तपासापुरतं काय कळलं? काही दगड चोरीला गेलेच नव्हते. ते होते तिथंच, पायाखाली झोपलेले!

किलरनं असे कितीतरी दगड उकरून पुन्हा उभे केले. पण युद्ध आलं आणि काम थांबलं. उरलेले दगड शोधायचे कसे? सगळं गाव थोडंच खणता येतं! एकोणिसाव्या शतकातल्या संशोधकांनी लोखंडी सळया जमिनीत खुपसून पाहिल्या होत्या. 2003 साली मात्र न खणताच जमिनीच्या आतली तपासणी झाली. यातली एक युक्ती सोपी आहे. ओलसर मातीतून वीज सहज जाते, दगडातून जात नाही. जमिनीत थोडी वीज सोडायची आणि ती कुठं अडखळते ते टिपायचं. अडखळली की खाली काहीतरी टणक आहे! त्या तपासणीत आणखी निदान पंधरा दगड पुरलेले आढळले.

करून पाहा: परातीत ओली माती भरा. मित्राला तिच्यात पाच-सहा दगड लपवायला सांगा. वर दोरा ताणून चौकटी आखा. विणकामाची सुई प्रत्येक चौकटीत हळूच टोचा आणि जिथं 'टक्' लागेल तिथं वहीत फुली मारा. माती न उकरता दगडांचा नकाशा तयार!

दुसरा सुगावा: जळका खड्डा

पुरलेले दगड मोजले तरी हिशेब जुळत नाही. आणखी शोधायला हवं. काही ठिकाणी खणलं तर खड्डा आहे, पण दगड नाही. खड्ड्यात काळी राख, जळलेलं गवत आणि तडकलेल्या कपच्या मात्र आहेत.

आता आठवा, कंदिलाची तापलेली काच. तिच्यावर पाण्याचा थेंब पडला तर काय होतं? तड्! उष्णतेने पदार्थ फुगतो, गारव्याने आकसतो. एक भाग फुगलेला असताना शेजारचा एकदम आकसला, तर त्यांच्यात ताण पडून तडा जातो. सतराव्या-अठराव्या शतकात एव्हबरीच्या लोकांनी हीच युक्ती वापरली. खड्डा खणून दगड आडवा पाडायचा, खाली गवत-पेंढा पेटवायचा, दगड चांगला तापू द्यायचा. मग जिथून फोडायचा त्या रेषेवर गार पाणी ओतायचं आणि वरून घणाचे घाव घालायचे. आठ हत्तींच्या वजनाचा दगड कलिंगडासारखा उकलायचा.

पण एवढी मेहनत कशासाठी? तेव्हा देवाधर्माचा प्रश्न उरला नव्हता. शेतकऱ्याला नांगरायला मोकळी जमीन हवी होती आणि घर बांधायला दगड हवा होता. आता भिंग काढा आणि गावातल्या जुन्या घरांच्या भिंती बघा. करडा, टणक, रवाळ दगड... अरेच्चा, हा तर सार्सन!

सापडला की माल! वर्तुळाचे दगड घरांच्या भिंतींत आहेत, चुलाण्यांत आहेत, कुंपणांत आहेत. दगडांनी थोडा सूडही उगवला म्हणा. या दगडाच्या घरांत हिवाळ्यात भिंतींना ओल धरायची, अशी तेव्हाही तक्रार होती.

साक्षीदार आणि राखणदार

दगड फुटत होते तेव्हा कुणाचंच लक्ष नव्हतं का? होतं. 1649 साली जॉन ऑब्री नावाचा तरुण शिकारीच्या टोळीबरोबर इथून घोड्यावरून चालला होता. दगड पाहून तो चाटच पडला. शेकडो वर्षं लोक इथं राहत होते, पण हे काहीतरी अचाट आहे असं कागदावर मांडणारा तोच पहिला. पुढं त्यानं राजा दुसरा चार्ल्स याला इथं आणून वर्तुळ दाखवलं.

त्यानंतर 1719 पासून विल्यम स्टुकली नावाचा डॉक्टर दरवर्षी यायला लागला. त्याच्या डोळ्यांदेखत दगड फुटत होते. त्याला ते थांबवता आलं नाही, पण त्यानं एक केलं. प्रत्येक दगडाची जागा मोजली, चित्रं काढली, कोणता दगड कधी आणि कुणी फोडला ते लिहून ठेवलं. फोडणाऱ्यांत टॉम रॉबिन्सन सगळ्यांत पुढं होता, म्हणून स्टुकलीनं त्याचं नाव 'दगडांचा मारेकरी' ठेवून दिलं! स्टुकलीचे अंदाज काही वेळा भलतेच असत. हे वर्तुळ आणि त्याला जोडणाऱ्या दगडांच्या रांगा मिळून एक प्रचंड नाग होतो, असं त्याला वाटायचं. त्यानं काढलेली एक रांग पुढं जमिनीवर दिसेना, तेव्हा लोक म्हणाले, ही त्याच्या मनातली असणार. 1999 साली तिथं खणलं, आणि जमिनीखाली खरंच त्या रांगेचे दगड निघाले. नाग खोटा होता, पण मोजमाप खरं होतं.

मग आला जॉन लबक. हा बँकवाला, पण नाद शास्त्राचा. घरात मुंग्या पाळून त्यांचा अभ्यास करायचा. तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात 'पुराश्मयुग' आणि 'नवाश्मयुग' असे शब्द आहेत ना? त्यांची मूळ इंग्रजी नावं यानंच 1865 साली तयार केली. 1871च्या सुमारास वर्तुळात नवी घरं बांधायचा बेत ठरला, तेव्हा त्यानं ती जमीनच विकत घेऊन टाकली. 1882 साली ब्रिटनमध्ये प्राचीन वास्तू जपण्याचा पहिला कायदा झाला तोही याच्याच खटपटीमुळे. पुढं सरकारनं त्याला किताब दिला, तेव्हा त्यानं नाव निवडलं 'लॉर्ड एव्हबरी'.

त्याच शतकात आपल्याकडं नागपूरजवळच्या जुनापाणीची दगडी वर्तुळं रिव्हेट-कारनॅक या ब्रिटिश अधिकाऱ्यानं उकरून पाहिली. दगडांवर कोरलेले वाटीसारखे खळगे बघून त्याला ब्रिटनमधल्या अशाच खळग्यांची आठवण झाली. विदर्भातली वर्तुळं मात्र लोहयुगातली आहेत, म्हणजे एव्हबरीहून बरीच अलीकडची, आणि ती आहेत मृतांच्या स्मरणासाठी. दिसायला सारखे म्हणून लगेच सख्खे भाऊ ठरवायचे नाहीत, हेही गुप्तहेराने ध्यानात ठेवायचं.

आणि शेवटी मघाचा अलेक्झांडर किलर. त्याच्या घराण्याचा धंदा होता संत्र्याच्या मार्मलेडचा, म्हणजे पावाला लावायच्या मुरंब्याचा. त्या पैशातून त्यानं एव्हबरीची बरीचशी जमीन घेतली आणि दगड उभे केले. पण त्यासाठी वर्तुळातली काही घरं पाडली गेली आणि तिथल्या कुटुंबांना बाहेर राहायला जावं लागलं. पूर्वी घरांसाठी दगड गेले होते, आता दगडांसाठी घरं गेली. 1943 साली त्यानं ही जागा 'नॅशनल ट्रस्ट' या वारसा जपणाऱ्या संस्थेला विकली. 1986 पासून एव्हबरी जागतिक वारसा आहे.

जो दगड फुटून गेला, पण ज्याचा खड्डा सापडला, त्या जागी किलरनं काय केलं माहितेय? खोटा दगड उभा केला नाही. काँक्रीटचा एक साधा बुटका खांब रोवला. म्हणजे बघणाऱ्याला कळावं, इथं एक होता, आता नाही.

तपास संपला

निघायच्या आधी रस्त्याकाठचा तो भला मोठा, पतंगासारखा टोकावर उभा दगड बघून घ्या. त्याच्या अगदी शेजारून मोटारी जातात. गावात म्हणतात, मध्यरात्री बाराचे ठोके पडले की हा दगड उठतो आणि रस्ता ओलांडतो.

तुम्ही हसाल. पण मघाची वही उघडा आणि विचार करा. या गावातले कितीतरी दगड खरोखरच रस्ता ओलांडून गेलेत. रात्री नाही, भर दिवसा. स्वतःच्या पायांनी नाही, तर तुकडे होऊन. आणि पलीकडं जाऊन ते कुणाच्या तरी स्वयंपाकघराची भिंत झालेत.